मोडेन पण वाकणार नाही म्हणणारा गोंद

सायकलचं पंक्चर काढताना दुकानदाराच्या हातांकडे कधी नीट बघितलंय? तो ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधतो, जागा पुसून कोरडी करतो, कानशीने खरवडतो, बोटाने सोल्यूशन पसरतो. आणि मग थांबतो. आपल्याला घाई असते, पण सोल्यूशन बोटाला ओलं लागेनासं होईपर्यंत तो ठिगळाला हात लावत नाही. ठिगळ बसवलं की मात्र अंगठ्याने रेटून दाबतो, वरून दोन ठोकेही देतो. पुढे ती ट्यूब फुगते, चेपते, खड्ड्यात आपटते, उन्हात तापते. ठिगळ तिच्याबरोबर ताणलं जातं, आखडतं, पण जागा सोडत नाही.

त्याच ट्यूबवर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब टाकून ठिगळ लावलं, तर अर्ध्या मिनिटात ते असं बसेल की नखाने निघणार नाही. पण हवा भरून ट्यूब फुगली, चाकाखाली वळली की जोड कडेपासून तडकायला लागतो. चिकटपणात तो गोंद कुठेच कमी नव्हता. टेबलावर ठेवून सरळ ओढून बघितलं असतं तर कदाचित तोच जास्त ताकदवान ठरला असता. कमी पडला तो लवचीकपणा.

मोडेन पण वाकणार नाही याला माणसात आपण बाणा म्हणतो. गोंदात तोच दोष ठरतो, निदान जोडलेल्या वस्तू हलत, वाकत, तापत असतील तिथे तरी. घरातल्या बहुतेक दुरुस्त्या नेमक्या अशाच असतात. फाटलेलं खोकं, कुरिअरची उसवलेली पिशवी, बॅगेचा सुटलेला अस्तराचा कोपरा, चपलेचा तळ, काचेला चिकटवलेली धातूची पट्टी. एका बाजूला एक पदार्थ, दुसऱ्या बाजूला निराळाच. आपण हाताशी असलेली ट्यूब पिळतो, दोन दिवसांत जोड सुटतो, आणि गोंद भेसळीचा निघाला असं म्हणून मोकळे होतो.

ओढणं, सरकवणं आणि सोलणं

जोडावर बळ तीन तऱ्हांनी येतं. दोन वस्तू एकमेकींपासून सरळ दूर ओढल्या जातात, किंवा एक दुसरीवरून घसरू बघते, किंवा एक कड उचलून केळं सोलावं तशी सोलली जाते. पहिल्या दोन्ही प्रकारांत गोंदाचा सगळा पृष्ठभाग मिळून बळ झेलतो. सोलताना मात्र सगळा भार केसाएवढ्या रुंदीच्या एका रेषेवर येतो. ती रेषा सुटली की भार पुढच्या रेषेवर, मग त्याच्या पुढच्या. खोक्याला लावलेली रुंद टेप सरळ वर ओढून निघत नाही, पण कोपऱ्यात नख घालून उचलली की सरसर येते, त्याचं कारण हेच.

कडक गोंदाची खरी अडचण इथे आहे. तो वाकत नसल्यामुळे कडेवर आलेला भार तो शेजारच्या भागाला देऊ शकत नाही. पालखीचा सगळा भार एकाच भोयाच्या खांद्यावर यावा आणि बाकीच्यांचे खांदे दांड्याला टेकूच नयेत, तसं होतं. लवचीक गोंद थोडा ताणला जातो, आणि तो ताणला गेल्यामुळेच मागचे खांदे दांड्याला लागतात. भार वाटला जातो. प्रयोगशाळेत सरळ ओढून मोजलेल्या आकड्यात लवचीक गोंद पुष्कळदा कमी भरतो. तरीही धक्के खाणाऱ्या जोडात तो जास्त टिकतो, तो यामुळे.

आता उन्हाचं गणित करू. समजा दुकानाच्या पाटीसाठी १ मीटर लांब ॲक्रिलिकची पट्टी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवली. रात्री २० अंश, भर दुपारी उन्हात पाटी ५० अंश, म्हणजे ३० अंशांचा फरक. एवढ्या फरकाने ॲल्युमिनियम सुमारे ०.७ मिलिमीटर वाढतं आणि ॲक्रिलिक सुमारे २.१ मिलिमीटर. दोघांच्या वाढीत १.४ मिलिमीटरची तफावत पडते. मध्यबिंदू जागच्या जागी राहिला असं धरलं, तर प्रत्येक टोकाला ०.७ मिलिमीटर.

गोंदाचा थर ०.१ मिलिमीटर जाडीचा असेल, तर टोकाजवळच्या गोंदाला आपल्या जाडीच्या सातपट बाजूला सरकावं लागेल. कडक गोंदाला ते शक्यच नाही. एक तर गोंद तडकेल, नाहीतर ॲक्रिलिक कमानीसारखं फुगेल. तोच थर २ मिलिमीटर जाडीचा आणि रबरासारखा असेल, तर त्याला जाडीच्या फक्त एक तृतीयांश सरकायचं आहे. ते त्याला सहज जमतं, आणि रोज जमतं.

यातून घरी उपयोगी पडणारी एक गोष्ट निघते. कडक गोंद पातळ लावलेलाच चांगला. लवचीक गोंदाला मात्र, दोन न वाकणाऱ्या वस्तूंच्या मध्ये, थोडी जाडी लागते. सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन (दोन्ही वाळल्यावर रबरासारखे राहणारे गोंद) लावून दोन वस्तू चेपून सगळा गोंद बाहेर काढणं म्हणजे त्याचं बळच काढून घेणं. कारागीर मध्ये छोटे ठोकळे किंवा फोमच्या टेपचे तुकडे ठेवतात, तेवढी जागा शिल्लक राहावी म्हणून.

मोटारीची पुढची काच हे याचं आपण रोज बघतो ते उदाहरण. पूर्वी ती रबराच्या पट्टीत बसवलेली असे. आता बहुतेक गाड्यांत ती पॉलियुरेथेनच्या जाड, काळ्या, रबरी गोंदाने थेट पत्र्याला चिकटवलेली असते. पत्रा उन्हात काचेपेक्षा जास्त वाढतो, रस्त्यावर गाडीचा सांगाडा पिळवटतो, तरी काच तडकत नाही आणि पाणीही आत येत नाही. काच बदलणारे कारागीर तारेने तो गोंद कापून काच सोडवतात, इतका तो चिवट असतो.

अळवावरचं पाणी

लवचीकपणा नंतर कामाला येतो. आधी गोंद वस्तूवर पसरला पाहिजे. अळूच्या पानावर पाणी टाकलं की त्याचा मोती होतो आणि घरंगळून जातो. काही प्लॅस्टिकं गोंदाशी अशीच वागतात.

प्रत्येक पृष्ठभागाला द्रवाविषयी कमीजास्त ओढ असते. शास्त्रात तिला पृष्ठऊर्जा म्हणतात. ती मोजतात मिलिन्यूटन प्रति मीटरमध्ये, आणि छपाईच्या, पिशव्यांच्या कारखान्यांत तोच आकडा डाईन या नावाने बोलला जातो. ढोबळ नियम असा: द्रवाचा स्वतःचा पृष्ठताण (त्याला थेंबात गोळा करून धरणारी ओढ) वस्तूच्या पृष्ठऊर्जेपेक्षा कमी असेल तर तो पसरतो, जास्त असेल तर गोळा होतो. पाण्याचा पृष्ठताण ७२ च्या आसपास. इपॉक्सीचा, म्हणजे दोन नळ्यांतून येणाऱ्या कडक गोंदाचा, साधारण ४५. पाण्याच्या बाटलीचं पेट प्लॅस्टिक ४३ च्या जवळपास, म्हणजे बरं. पण पॉलिथिन ३१, पॉलिप्रॉपिलीन त्याहून किंचित कमी, आणि नॉनस्टिक तव्याचं टेफ्लॉन २० च्याही खाली. नॉनस्टिक तव्यावर काही चिकटत नाही आणि दुधाच्या पिशवीवर गोंद टिकत नाही, या दोन्ही गोष्टींमागचं कारण एकच.

आपल्या घरातलं पॅकिंगचं प्लॅस्टिक बहुतेक याच, गोंदाला दाद न देणाऱ्या जातीचं असतं. दुधाच्या आणि कुरिअरच्या पिशव्या पॉलिथिनच्या. तांदळाची, सिमेंटची विणलेली पोती पॉलिप्रॉपिलीनची. शाम्पूच्या बाटल्या, बादल्या, डब्यांची झाकणं यांतलीच. डबा उलटा करून तळाशी त्रिकोणात कोणता आकडा आहे ते बघायची सवय लावून घ्या. २, ४ किंवा ५ असेल तर साधा गोंद लावण्यात वेळ घालवू नका. १, ३ किंवा ६ असेल तर आशा आहे. आकडाच नसेल तर वस्तू स्वच्छ धुऊन, पुसून पाण्याचा थेंब टाका. थेंब पसरला तर ठीक, मण्यासारखा उभा राहिला तर सावध व्हा.

मग वेफर्सच्या पाकिटात प्लॅस्टिकचे दोन-तीन पडदे एकमेकांना कसे चिकटून राहतात? ते पाकीट हा लवचीक गोंदाचा मला सगळ्यात आवडणारा नमुना आहे. बाहेर छपाईची पॉलिप्रॉपिलीनची फिल्म असते, आत धातूचा मुलामा दिलेली किंवा हवाबंद जोड देणारी दुसरी फिल्म. कारखान्यात फिल्मवरून विजेचा झोत सोडतात. त्याला कोरोना उपचार म्हणतात. त्यामुळे तिची पृष्ठऊर्जा ३८ डाईन किंवा त्याहून वर जाते. मग अवघ्या काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा पॉलियुरेथेन गोंद लावून दोन्ही फिल्म रुळांमधून दाबून काढतात. नंतर ते पाकीट चुरगाळा, पिळा, खिशात कोंबा, थर सुटे होत नाहीत. गोंद इथे अगदी पातळ आहे, तरी चालतं, कारण दोन्ही पडदे स्वतःच वाकणारे आहेत आणि गोंद त्यांच्याबरोबर वाकतो. अशा मिश्र थरांच्या पाकिटांचा पुनर्वापर अवघड होतो तोही याच पक्क्या जोडामुळे. पडदे वेगळे करणं जवळपास अशक्य असतं.

कपाटातल्या ट्यूबा

फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद पाण्यात मिसळलेल्या पॉलिव्हिनिल ॲसिटेटचा असतो. पाणी निघून गेलं की तो चिकटतो, म्हणून निदान एक वस्तू पाणी शोषणारी हवी: पुठ्ठा, कागद, लाकूड, कापड. काच आणि प्लॅस्टिकच्या मध्ये तो दिवसेंदिवस ओलाच राहतो. पुठ्ठ्याच्या कामासाठी मला त्याच्या तोडीचं दुसरं काही वाटत नाही. पूर्वी आपण पाकिटं भाताच्या शितांनी चिकटवायचो, पतंगाला आणि पुस्तकाला कणकेची खळ लावायचो, त्यामागचं तत्त्व हेच होतं. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत, कसर लागू नये म्हणून.

झटपट गोंद म्हणजे सायनोॲक्रिलेट. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीचा नेम धरायच्या भागासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. हा पदार्थ हात लावेल त्याला चिकटायचा, म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. गोंद म्हणून तो बाजारात आला १९५८ मध्ये. हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या बारीकशा ओलाव्याने तो घट्ट होतो, म्हणून पावसाळ्यात जास्तच झटपट. पातळ, घट्ट बसणाऱ्या, न हलणाऱ्या तुकड्यांना तो उत्तम आहे. वाकणाऱ्या, आपटणाऱ्या, सोलल्या जाणाऱ्या जोडाला नाही. त्याचा काळ्या रंगाचा एक प्रकार मिळतो, त्यात रबराचे सूक्ष्म कण मिसळलेले असतात. तडा पळत आला की त्या कणांशी अडतो. धक्क्याच्या जागी तो साध्यापेक्षा बरा. एक गंभीर इशारा: हा गोंद सुती कापडावर किंवा कापसावर सांडला तर एकदम तापतो आणि त्वचा भाजू शकते. कापसाच्या बोळ्याने तो पुसू नका. बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात धरून हळूहळू सोडवा.

अराल्डाइटसारखा इपॉक्सी दोन नळ्यांतून येतो. दोन्ही भाग सांगितलेल्या प्रमाणातच घ्यायचे. हार्डनर जास्त घातला की जोड जास्त पक्का होतो हा गैरसमज आहे, उलट तो कमकुवत होतो. वाळल्यावर तो कडक असतो. कपाचा तुटलेला कान, धातूची मूठ, दगड यांना तो हवाच. वाकणाऱ्या पट्ट्याला नको.

आता लवचीक गोंदांकडे येऊ. चांभाराकडे आणि सुताराकडे दिसणारा पिवळसर, उग्र वासाचा रबरी गोंद, फेव्हिबाँडच्या जातीचा, बहुधा निओप्रीन या कृत्रिम रबराचा असतो. पंक्चरवाल्याचं सोल्यूशनही वागायला याचंच भावंड. दोन्ही बाजूंना पातळ थर लावायचा, डब्यावर लिहिलेली वेळ, साधारण १० ते १५ मिनिटं, थांबायचं, बोटाला चिकचिकीत लागेल पण बोटावर येणार नाही अशी अवस्था झाली की दोन्ही बाजू एकदाच, नेमक्या जागी टेकवायच्या. थांबायचं कशासाठी? गोंदातला द्रावक उडून जायला हवा. तो आत कोंडला तर गोंद मऊच राहतो. टेकवल्यावर मात्र दोन्हीकडच्या रबराच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींत शिरतात, आणि तिथे वेळेपेक्षा दाब महत्त्वाचा. दहा मिनिटं हलकं धरून ठेवण्यापेक्षा हातोडीचे चार ठोके जास्त उपयोगी. चामडं, रबर, कापड, लाकूड, सनमायका यांच्या जोडीला हा गोंद राजा आहे.

दोन ठिकाणी तो दगा देतो. थर्माकोलवर लावला तर त्यातला द्रावक थर्माकोल खाऊन टाकतो, खड्डे पडतात. आणि रेनकोट किंवा रेक्झिनसारख्या मऊ पीव्हीसीवर तो सुरुवातीला छान बसतो, पण काही महिन्यांनी जोड चिकट मऊ होऊन सरकतो. मऊ पीव्हीसीला मऊ ठेवण्यासाठी त्यात तेलासारखे पदार्थ घातलेले असतात, ते हळूहळू झिरपून गोंदात येतात. तिथे पॉलियुरेथेनचा गोंद घ्यावा. चपला-बुटांच्या कारखान्यांतही पीव्हीसीच्या तळाला तोच वापरतात.

रबरी गोंद लावताना खिडक्या उघड्या हव्यात, गॅस, उदबत्ती, देवाजवळचा दिवा सगळं बंद. वाफ पेट घेणारी असते आणि श्वासालाही वाईट. मुलांच्या हाती हा डबा पडू देऊ नका.

सिलिकॉन सगळ्यांना माहीत आहे. वाळताना व्हिनेगरसारखा वास आला तर तो आम्ल सोडणारा प्रकार. काचेला उत्तम, पण तांब्या-पितळेला, जस्ताच्या मुलाम्याला आणि संगमरवराला लावू नये, डाग आणि गंज येतो. तिथे वास नसलेला न्यूट्रल प्रकार मागावा. सिलिकॉनचा दुसरा स्वभाव असा की त्यावर रंग बसत नाही, आणि एकदा ते लागलेल्या जागी नंतर दुसरा कुठलाच गोंद धड धरत नाही. म्हणून दुरुस्ती करायच्या वस्तूवर आधी सिलिकॉन लावून बघू नका. अलीकडे हायब्रिड किंवा एमएस पॉलिमर नावाने मिळणारी नळी मला घरासाठी जास्त सोयीची वाटते. उग्र द्रावक नाही, धातू, लाकूड, काच, टाइल, बरीचशी प्लॅस्टिकं यांना धरते, रंगवता येते, आणि वाळल्यावर रबरासारखी राहते. सिलिकॉन, पॉलियुरेथेन आणि ही हायब्रिड नळी, तिन्ही हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत घट्ट होत जातात, दिवसाला साधारण २ ते ३ मिलिमीटर. वरून हात लावून कोरडं लागलं म्हणजे झालं असं नाही. लोणच्यासारखं मुरू द्यावं लागतं. जाड थराला आठवडा द्या.

ग्लू गनच्या कांड्या गरम असताना ओतायच्या आणि थंड झाल्या की चिकटतात. खोक्यावर आणि हस्तकलेवर झकास, पण उष्णतेने पुन्हा मऊ पडतात. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या वस्तूचा जोड तिच्यावर सोपवू नका.

खोकं आणि पार्सल

एका दिवाळीत बंगळुरूच्या भाचीला फराळाचं खोकं पाठवलं होतं. टेपचे तीन थर दिले होते, तरी ते पोचलं तेव्हा तळ उघडा पडला होता आणि चकल्यांचा चुरा झालेला. तिने फोटो पाठवला. टेप कुठेच तुटली नव्हती. ती तळावरून नुसती सुटून आली होती आणि त्याभोवतीचा पुठ्ठा काळपट, पारदर्शक दिसत होता. चिवड्याचं तेल पिशवीतून झिरपून पुठ्ठ्यात मुरलं होतं. तेलावर कुठलीच टेप धरत नाही, तीन थर द्या नाहीतर दहा. तेव्हापासून फराळ आधी दोन पिशव्यांत बंद, मग डब्यात, आणि खोक्याच्या तळाला वर्तमानपत्राची घडी. टेप तेवढीच लागते.

खाकी टेप हा दाबाने चिकटणारा गोंद आहे. ती नुसती टेकवून पुरत नाही. बोटाने किंवा कापडाच्या बोळ्याने सगळ्या लांबीवर घासून दाबली की तिचा गोंद पुठ्ठ्याच्या खाचाखोचांत शिरतो. आपल्याकडच्या बऱ्याच टेपांना ॲक्रिलिकचा गोंद असतो, त्याची पकड पहिल्या दिवसभरात वाढत जाते. म्हणून खोकं बंद करून लगेच आपटत नेऊ नका. मधल्या फटीवरून जाणारी एक आणि दोन्ही टोकांच्या कडांवर आडव्या दोन, अशी तीन पट्ट्यांची पद्धत घ्या. कडा बांधल्या गेल्या की टेपवर सोलणारं बळ येत नाही, सरकणारं येतं, आणि ते ती झेलते.

टेप काढताना पुठ्ठ्याचा वरचा पापुद्रा तिच्याबरोबर निघाला, तर जोड उत्तम झाला होता असं समजा. गोंदाआधी कागद हरला. याहून पक्कं चिकटवणं त्या पुठ्ठ्यावर शक्यच नाही; महागडी टेप आणून काही साधणार नाही, पुठ्ठाच चांगला घ्यायला हवा. परत परत वापरलेल्या खोक्यांत हेच होतं. त्यांचे तंतू आखूड झालेले, घड्या मेलेल्या असतात. त्यातून पावसाळा. हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की पुठ्ठ्याच्या खोक्याची वजन पेलण्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. कोकणातून जुलैमध्ये पाठवायच्या खोक्याला बाहेरून प्लॅस्टिकचं आवरण नसेल, तर आतल्या गोंदाची चर्चा व्यर्थ आहे.

खोक्याचा कोपरा फाटला असेल तर बाहेरून टेपचा गठ्ठा करण्यापेक्षा आतून ठिगळ द्या. दुसऱ्या खोक्याचा पुठ्ठा फाटक्या जागेपेक्षा चारही बाजूंनी तीन-चार बोटं मोठा कापा, कोपऱ्यावर घडी पाडून घ्या, पांढरा गोंद सगळीकडे पातळ पसरा, मध्ये ठिपके देऊ नका, आणि रात्रभर वर वजन ठेवा. ठिगळ मोठं का? कारण बळ कडांवर येतं, आणि कडा फाटक्या जागेपासून जितक्या दूर, चांगल्या पुठ्ठ्यावर असतील तितका भार वाटला जातो. पुन्हा पालखीचेच खांदे. ठिगळाचे कोपरे गोल कापा. चौकोनी टोकाला नख लागलं की सोलायला सुरुवात होते, गोल कडेला ती जागाच मिळत नाही.

कुरिअरची प्लॅस्टिक पिशवी फाटली तर खाकी टेप तिच्यावर काही तास राहते आणि मग कडा उचलते. पॉलिथिनवर रबरी गोंदाच्या टेपा ॲक्रिलिकपेक्षा चांगल्या धरतात. कापडी पाठीची चंदेरी डक्ट टेप त्यातली. पिशवी सपाट करून, पुसून, चीर दोन्ही बाजूंनी झाका. ताडपत्रीलाही हेच लागू. निळी-पिवळी विणलेली ताडपत्री पॉलिथिनची असते, तिला गोंद लावणं वाया जातं. टेपचं ठिगळ दोन्ही बाजूंनी द्यावं किंवा गरम करून जोडून घ्यावं. जाड, गुळगुळीत, ट्रकवरची पीव्हीसीची असेल तर मात्र पीव्हीसीचा गोंद छान चालतो.

आणि खाण्याचे पदार्थ थेट लागतील तिथे यातला कुठलाच गोंद वापरू नका. तेलाच्या डब्याची चीर, लोणच्याच्या बरणीचा तडा, पाण्याच्या टाकीचं भोक, हे घरच्या ट्यूबचं काम नाही. पदार्थ दुसऱ्या भांड्यात काढा.

तयारी, आणि गोंद नको तिथे

पंक्चरवाला खरवडतो ते उगाच नाही. हाताचं तेल, साच्यातून आलेला मेणकट थर, धूळ, जुना गोंद हे सगळं निघालं पाहिजे. साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, १२० किंवा १५० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, भुकटी पुसा, आणि मग त्या जागेला बोट लावू नका. वेड्यावाकड्या वस्तूंना चिमटे बसत नाहीत. त्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून ठेवा. ताणून गुंडाळल्या की सगळीकडून सारखा दाब येतो, आणि लवचीक गोंद पिळून बाहेर जाईल इतका जास्तही नाही.

लवचीक गोंद सगळीकडे चालतो असंही नाही. त्याच्यावर सतत वजन टांगून ठेवलं तर तो महिन्यामहिन्याने थोडाथोडा खाली सरकत जातो. खुर्चीचा पाय, भिंतीवरचं जड शेल्फ, तराजूची दांडी, इथे कडकपणाच हवा, आणि शक्य असेल तर स्क्रू. दोन्ही हवं असेल तर कामं वाटून द्या: वजन स्क्रू पेलेल, धक्के आणि पाणी गोंद सांभाळेल.

कपाटात चार वर्षं जपून ठेवलेले बूट लग्नाला घातले आणि वाटेतच तळ गळून पडला, हा अनुभव पुष्कळांना आहे. तो तळ बहुधा पॉलियुरेथेनच्या फोमचा असतो आणि हवेतल्या ओलाव्याने तो आतून कुजत गेलेला असतो. बोटाने दाबला की भुगा होतो. त्यावर कितीही चांगला गोंद लावा, गोंद भुग्याला चिकटेल आणि भुगा बुटाला सोडेल. चांभार अशा वेळी पूर्ण तळ बदलायला सांगतो, आणि त्याचं बरोबर असतं. पण तळ रबराचा, अखंड असेल आणि नुसता सुटला असेल, तर दोन्ही बाजू खरवडून, रबरी गोंद लावून, थांबून, ठोकून घरीही काम होतं. टोकाशी, पाऊल वाकतं तिथे, चार टाके घालून घेतले तर अधिक बरं, कारण सोलणारं बळ तिथेच येतं.

विणलेल्या पोत्याचं तर मी गोंदाने काही करतच नाही. पॉलिप्रॉपिलीन, त्यात विणीच्या फटी, त्यात धान्याची धूळ. तिथे दाभण आणि सुतळी. फाटलेली कड दोनदा आत दुमडायची, म्हणजे उसवणारे धागे आत राहतात, आणि बोटभर अंतरावर टाके घ्यायचे. दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते पोतं पुढचा हंगाम काढतं.